कितवा दिवस?

मंडळी, आत्ता चहाच्या वेळी आपल्यातल्या एका मुलाने मला फोनवरचा फोटो दाखवला. घरी आंबायला ठेवलेल्या बिअरच्या बादलीचं झाकण उघडून काढलेला. वर तपकिरी फेस, फेसात काळपट-हिरवट ठिपके, कडेला चिकटलेला मळकट थर. 'ताई, हे गेलं ना?' मी विचारलं, 'कितवा दिवस?' तो म्हणाला, 'चौथा.' मी त्याला सांगितलं, झाकण लाव आणि पुढचे दहा दिवस उघडू नकोस. आज मला जे सांगायचंय ते त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इथे ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला १९६३ सालापासून परवाना लागत नाही, म्हणून आपण हा छंद मोकळेपणाने करतो. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, परवान्याशिवाय तिथे हे करता येत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर भावाला बादली लावून देऊ नका.

आता मूळ विषय. आपल्या भाषेत बिघडण्याला किती शब्द आहेत बघा. पीठ आंबतं, आमटी विटते, दूध नासतं, भाकरी बुरसते, उरलेल्या भाताला तार सुटते. हे पाच वेगळे प्रकार आहेत आणि आपल्या आज्यांना ते नाकाने, बोटाने कळायचे. बिअरमध्ये पहिला प्रकार आपल्याला हवा असतो, बाकीचे नको असतात. अडचण एवढीच, की इडलीचं पीठ आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं आणि आंबणारी बिअर कोणी पाहिलेली नसते. त्यामुळे चांगली आंबणारी बिअरसुद्धा पहिल्यांदा पाहणाऱ्याला नासल्यासारखीच दिसते.

पहिल्या दिवसापासून चला. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा उकळला, हॉप्स म्हणजे कडूपणा देणारी फुलं घातली, गार केला, यीस्ट घातलं. साधारण अठरा-वीस अंश सेल्सियसला ठेवला, तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत वर फेस चढतो. याला जर्मन शब्द आहे क्रॉयझन, इथेही तोच वापरतात. हा फेस सुंदर नसतो. काढ्यातली प्रथिनं, हॉप्सची कडू राळ आणि मेलेलं यीस्ट तो वर ढकलतो, म्हणून त्यावर तपकिरी डाग पडतात. हॉप्सच्या गोळ्या वापरल्या असतील तर त्यांचा हिरवा चुरा फेसावर बसतो, आणि फोटोत तो हुबेहूब बुरशीसारखा दिसतो. काही दिवसांत फेस खाली बसतो आणि बादलीच्या कडेला घाणेरडं कडं सोडून जातो. त्याला हात लावू नका.

वासाचंही तसंच. लागरचं, म्हणजे गारव्यात आंबवायच्या बिअरचं, यीस्ट उकडलेल्या अंड्यासारखा वास सोडतं, तो गंधकाचा असतो आणि पुढे वायूबरोबर निघून जातो. कोवळ्या बिअरला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येतो, कधी लोण्याचा येतो. लोण्याचा वास बहुतेक वेळा यीस्टला आणखी तीन-चार दिवस थोड्या उबेत ठेवलं की जातो, कारण ते द्रव्य यीस्टनेच सोडलेलं असतं आणि यीस्टच ते परत खातं. वास आला म्हणून घाईने बाटल्या भरल्या, तर मात्र तो बाटलीत अडकतो.

आता मी ज्या टप्प्यावर चुकले, तो टप्पा. फेस बसल्यावर पृष्ठभाग स्वच्छ व्हायला हवा, अशी माझी समजूत होती. बाराव्या दिवशी झाकण उघडलं, तर बिअरवर पिवळट-पांढरी बेटं तरंगत होती, काही गुळगुळीत, काही खडबडीत. मी हादरले आणि वीस लिटर मोरीत ओतले. ओतताना वास चांगला येत होता, तरीही ओतले. नंतर प्रयोगशाळेत काम करताना असं एक बेट काचपट्टीवर घेऊन पाहिलं. ते निव्वळ यीस्टचे पुंजके होते, बुडबुड्यांच्या आधाराने वर राहिलेले. बादली हलकेच हलवली असती, तर ते खाली साक्यात गेले असते. त्या वीस लिटरांची हळहळ मला अजून आहे, आणि आज इथे उभी आहे ती बरीचशी त्यामुळेच.

मग खरा संसर्ग दिसतो कसा? तापवलेल्या दुधावरची साय आठवा. पातळ, कोरडी, पांढरी, सुरकुत्या पडलेली, खालून बुडबुडा आला तर न फुटता फुगणारी. बिअरवर अशी साय धरली, की तिथे रानटी यीस्ट किंवा जिवाणू आहेत असं समजायचं. लोणच्याच्या खारावर पांढरा पापुद्रा धरतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. ती सहसा फेस बसून गेल्यावर काही दिवसांनी, आठवड्यांनी येते, आणि तिला हवा लागते. म्हणजे रोज झाकण उघडून 'साय धरली का' बघणारा माणूस स्वतःच तिला हवा पुरवत असतो.

बुरशी वेगळी. ती केसाळ असते, गोल ठिपक्यांत वाढते, हिरवी, निळी किंवा काळी होते. केसाळ दिसलं तर ओतून द्या, वरचा थर काढून खाली पिऊ नका. तार सुटली, म्हणजे बिअर ओतताना तेलासारखी लांबली, तर ते पेडियोकोकस नावाच्या जिवाणूचं काम असू शकतं. व्हिनेगरचा झणका आला तर हवा शिरली आहे, आणि ते परत फिरत नाही.

डोळ्यांपेक्षा हायड्रोमीटर जास्त खरं बोलतो. ही पाण्याच्या तुलनेत घनता मोजणारी तरंगती काचेची नळी, यीस्ट साखर खातं तसा तिचा आकडा उतरतो. समजा घनता १.०४८ पासून सुरू झाली आणि साधं इंग्लिश यीस्ट १.०१२ च्या आसपास थांबायला हवं. ते तिथे न थांबता १.००३ पर्यंत गेलं, तर तुमच्या यीस्टला न पचणारी साखर दुसरं कोणीतरी खातंय. सेझोन या बेल्जियन बिअरच्या यीस्टची गोष्ट निराळी, त्यातल्या कित्येकांचा तोच स्वभाव आहे. म्हणून यीस्टचं पाकीट जपून ठेवा. आणि तपासायला काढलेली बिअर पुन्हा बादलीत ओतू नका, प्या. बरं-वाईट जिभेलाही कळू दे.

नुसत्या नजरेने हे ओळखता येत नाही, हे मोठमोठ्या ब्रुअर्सनाही उशिरा कळलं. १८७१ साली लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला, यीस्टचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात नको ते जीव दाखवून दिले. लवकरच त्या ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने दाखवलं, की बिअर फक्त जिवाणूंनीच नाही, रानटी यीस्टनेही बिघडते. आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तिथे वापरात आलं. त्याच प्रयोगशाळेत १९०४ मध्ये क्लाउसेन या संशोधकाने इंग्लिश बिअरमधल्या एका यीस्टला ब्रेटॅनोमायसीस हे नाव दिलं. आपल्या बादलीवर साय धरवणाऱ्यांत हे यीस्ट असतं. ब्रसेल्सजवळचे लांबिक, म्हणजे रानटी यीस्टवर आंबवलेली आंबट बिअर, करणारे मात्र त्याची वाट बघतात. उघड्या, उथळ हौदात काढा रात्रभर गार करायचा आणि पुढे एक ते तीन वर्षं लाकडी पिंपांत ठेवायचा, असं त्यांचं काम. तिथे साय धरणं हीच रीत. म्हणजे 'कितवा दिवस' याच्या जोडीला 'काय करायला बसला होतात' हेही विचारावं लागतं.

आरोग्याबद्दल चहाच्या वेळी दोघींनी विचारलं. नीट आंबलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्सची कडू द्रव्यं असतात, माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जिवाणू तिच्यात वाढत नाहीत. आंबट झालेली बिअर बहुधा फक्त बेचव असते. न आंबलेला गोड काढा मात्र तसा सुरक्षित नाही, म्हणून तो गार झाला की यीस्ट लगेच घाला, दोन दिवस ताटकळत ठेवू नका.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाटलीची. संसर्ग असेल किंवा आंबणं अपुरं असताना बाटल्या भरल्या असतील, तर आत वायू साठत जातो आणि काच फुटते. हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस तोच राहिल्याशिवाय बाटल्या भरू नका. पहिली बाटली उघडताच कारंजं उडालं, तर आणखी दोन-तीन उघडून बघा. एखादीच उसळली तर ती बाटली अस्वच्छ होती. सगळ्याच उसळल्या तर दोष बादलीत, नळात किंवा साखरेच्या मापात आहे. अशा वेळी जाड हातमोजे आणि चष्मा घाला, बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पूर्ण गार झाल्यावर एकेक करून वायू सोडा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आणि नळ. बादलीचा प्लास्टिकचा नळ पूर्ण सुटा करून धुवा. मला दाखवायला आणलेल्या बिघडलेल्या बिअरच्या मागे कित्येकदा त्या नळाच्या आट्यांत वाळलेला जुना साका सापडला आहे. निर्जंतुक करणारं द्रावण घाणीवर ओतून काही होत नाही, आधी घाण घासून जायला हवी. प्लास्टिकच्या बादलीला आतून ओरखडे पडले असतील तर ती घरात तांदूळ ठेवायला घ्या, बिअरसाठी नवी आणा. ज्याने मला फोटो दाखवला, त्याने घरी गेल्यावर आधी नळ बघावा. फेसाकडे बघू नये.