आडनाव बापाचं, माग आईचा

(दृश्य: सेंट लॉरेन्स नदीचा काठ, शेतांच्या लांबच लांब पट्ट्या, मागे चर्चचा कळस.)

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये त्राँब्ले आडनावाची माणसं पैशाला पासरी. प्रांतातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. आणि या सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, प्येर त्राँब्ले. फ्रान्सच्या पेर्श भागातून १६४७ साली मजुरीसाठी आलेला. २ ऑक्टोबर १६५७ रोजी क्यूबेक शहरात ओझान आशों या मुलीशी त्याचं लग्न लागलं. पुढे त्यांना बारा मुलं झाली.

हे इतकं नेमकं ठाऊक आहे ते पाद्र्यांच्या वह्यांमुळे.

(दृश्य: जुन्या वहीचं पान. फिकी पडलेली शाई, समासात नावं.)

बाप्तिस्मा, लग्न, दफन. तिन्ही वेळा पाद्री चार ओळी लिहिणार आणि हजर असलेल्यांच्या सह्या घेणार. बहुतेकांना सही येत नसे, तर तसंही लिहून ठेवायचं. १६४० मध्ये क्यूबेकचं चर्च जळालं, त्यात वह्याही गेल्या. तेव्हा लोकांना विचारून विचारून जुन्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. पुढे दोन प्रती ठेवायची पद्धत पडली, एक चर्चमध्ये, एक कोर्टात.

यातली लग्नाची नोंद सगळ्यात कामाची. तिच्यात नवरा-नवरीच नव्हे, दोघांचे आईबापही असतात. मग त्या आईबापांचं लग्न शोधायचं, तिथे त्यांचे आईबाप सापडतात. अशी एकेक पिढी मागे जात माणूस थेट बोटीवरून उतरलेल्या पूर्वजापर्यंत पोचतो.

पण वाटेत एक अडचण उभी राहते, ती म्हणजे 'दी'. दी म्हणजे आपलं 'उर्फ'. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटणीचे सुमारे बाराशे शिपाई इथे उतरले. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव असे. कुणी लाफ्लर, म्हणजे फूल. कुणी सांसूसी, म्हणजे बिनघोर. चारेकशे जण इथेच राहिले, शेती करू लागले, आणि टोपणनावं घरात आली. शिपायांखेरीज इतरांनाही ती चिकटली. आंजू प्रांतातून आलेला तो लांजव्हँ. प्येर उदों दी बोल्योचे वंशज आज काही उदों आहेत, काही बोल्यो. सख्खे भाऊ दोन आडनावांनी लग्नाला उभे राहिलेले सापडतात. शोधणाऱ्यानं डोकं धरून बसावं असा हा प्रकार.

मग धरायचं काय? आईचं माहेरचं नाव. बाई बाप्तिस्म्याला ज्या आडनावाची, लग्नाला त्याच, दफनालाही त्याच. ओझान चर्चच्या वहीत त्राँब्ले झालीच नाही, ती शेवटपर्यंत आशोंच. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चानं सुमारे आठशे मुली लग्नासाठी इथे पाठवल्या गेल्या. त्यांचा माग आज लागतो तो याच रिवाजामुळे. वंशावळ बापाच्या आडनावानं मांडतात खरी, पण ती तोलून धरलेली असते आईच्या नावानं, असं आमचं मत.

सिप्रियाँ तांगे या पाद्र्यानं १८७१ ते १८९० दरम्यान या कुटुंबांचा सात खंडी कोश छापला. मॉन्ट्रियल विद्यापीठानं १९६६ पासून त्याच वह्यांवरून लोकसंख्येची मोठी नोंदयादी उभी केली.

(दृश्य: अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधली विटांची कापडगिरणी.)

१८४० ते १९३० या काळात इथली सुमारे नऊ लाख माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली. तिथे आडनावांचं इंग्रजी भाषांतर होऊन ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, र्‍वाचा किंग. इंग्रजी कागदांत ही घराणी हरवतात. अशा वेळी गिरणीगावातलं फ्रेंच चर्च गाठायचं. तिथल्या लग्नाच्या वहीत मूळ आडनाव बऱ्याचदा मिळतं, आणि शेजारी आईचं माहेरचंही.

क्यूबेकमध्ये १९८१ पासून कायदाच आहे: लग्नानंतरही बाईनं जन्माचंच आडनाव लावायचं. मुलांना आईचं, बापाचं किंवा दोन्ही आडनावं देता येतात. त्या वर्षांत जोड आडनावांची लाटच आली. आता ती मुलं स्वतः आईबाप झाली आहेत. दोघांची मिळून चार आडनावं, आणि कायदा बाळाला दोनच देऊ देतो. कुठली दोन गाळायची, हा वाद ज्याच्या त्याच्या घरात.