ब्राउझरला जागा ठेवणारा एडिटर

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईत विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

वेबसाइटचा कोड लिहायला एडिटर कुठला घ्यावा, हा प्रश्न तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिलात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे लॅपटॉप मोठ्या भावंडांकडून आलेले, काही तर त्यांना अकरावीत सरकारी योजनेतून मिळालेले. चार जीबी रॅमचे. ते डोळ्यांसमोर ठेवूनच बोलतो.

डाउनलोड केवढा आहे त्यावरून एडिटर हलका की जड ते ठरवू नका. वेबचं काम करताना एडिटर एकटा कधीच चालत नसतो. शेजारी ब्राउझर, त्यात पाच-सात टॅब, डेव्हलपर टूल्स, पुढे नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, शिकलात की त्याचा सर्व्हर. विंडोजनं आपला वाटा आधीच उचललेला असतो. उरलेल्या रॅममध्ये ब्राउझर अडखळायला लागला, तर तो एडिटर तुमच्यासाठी जड, मग जगभर त्याचं कितीही कौतुक होवो.

जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत व्हीएस कोड आहे. मायक्रोसॉफ्टनं तो २०१५ मध्ये आणला, फुकट आहे, उत्तम आहे, मीही वापरतो. पण तो उभा आहे इलेक्ट्रॉनवर, म्हणजे पोटात क्रोमियम (क्रोम ज्यावर बांधलाय तो ब्राउझर) आणि नोड दोन्ही. क्रोमच्या जोडीला तुम्ही दुसरा ब्राउझरच उघडता म्हणा ना! तरी सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. यूट्यूबवर बघून भाराभर एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयी, घालायची आणि मग मशीन हळू चालतं म्हणून कुरकुरायचं, हे मी फार पाहतो. एमेट, म्हणजे थोडक्यात टाइप केलेल्याचं पूर्ण एचटीएमएल करून देणारी सोय, त्यात मुळातच आहे, त्यासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. ‘हेल्प’ मेनूत प्रोसेस एक्स्प्लोरर आहे, तो उघडा. कुठली प्रोसेस किती रॅम खाते ते दिसेल. एकदा सगळी एक्स्टेन्शन बंद करून चालवा. मशीन सुटसुटीत झालं तर एडिटर बदलायची गरजच नाही.

नाही झालं, तर विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस. डॉन हो यांनी २००३ मध्ये सुरू केलेला, सी प्लस प्लसमध्ये थेट विंडोजसाठी लिहिलेला. दिसायला जुनाट, पण चार जीबीवर माझी पहिली पसंती त्यालाच. लिनक्सवर जीनी. सब्लाइम टेक्स्ट वेगवान आहे. विकतचा असला तरी चाचणीला मुदत नाही, फक्त मधूनमधून खरेदीची आठवण करतो. आठ जीबी असेल तर मोजक्या एक्स्टेन्शनसह व्हीएस कोड बिनधास्त घ्या.

आता इंग्रजी व्हिडिओत सहसा न येणारी गोष्ट. तुम्ही होमस्टेची इंग्रजी साइट कराल, तशी गावच्या जत्रेची मराठी साइटही कराल. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क, हलन्त आणि ष असे तीन, आणि ते क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे नऊ. एडिटर पक्का करण्याआधी त्यात ‘श्रीक्षेत्र’, ‘सत्तरी’, ‘कार्यक्रमपत्रिका’ लिहून बघा. बाणाच्या कळीनं मागेपुढे जा, बॅकस्पेस दाबा, शब्द शोधा. विम हा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारा एडिटर कोडसाठी झकास, पण बऱ्याच टर्मिनलांत आपली जोडाक्षरं फुटतात. देवनागरीची रुंदी सारखी नसते, त्यामुळे रकाने ओळीत दिसणार नाहीत. तो हट्ट सोडून द्या.

फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच, तीही बीओएमशिवाय सेव्ह करा. बीओएम म्हणजे फाइलच्या तोंडाशी बसलेले तीन न दिसणारे बाइट. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत त्यांच्यामुळे ‘हेडर आधीच पाठवले गेले’ अशी एरर येते आणि माणूस निर्दोष कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो. फाइलचं एन्कोडिंग नोटपॅड प्लस प्लस आणि व्हीएस कोड दोघंही खालच्या पट्टीत दाखवतात.

पावसात सत्तरीत लाईट जाते, हे तुम्हाला मी काय सांगू! त्यात जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच. नोटपॅड प्लस प्लस सेव्ह न केलेल्या मजकुराची प्रत दर सात सेकंदांनी बाजूला ठेवतो. व्हीएस कोडमध्ये ऑटो सेव्ह चालू करा. जीनीत ‘सेव्ह अॅक्शन्स’ नावाचं प्लगइन सुरू करावं लागतं.

अॅटम हा एडिटर २०२२ मध्ये बंद झाला, अडोबीनं आपल्या ब्रॅकेट्स या एडिटरचा आधार २०२१ मध्ये काढून घेतला. त्यांत लिहिलेल्या एचटीएमएल फाइली आजही कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. तेव्हा निवडीत महिना घालवू नका.

मागून कोणीतरी विचारलं, कॉलेजच्या संगणकावर काही इन्स्टॉल करू देत नाहीत, मग काय करायचं? क्रोम किंवा एजमध्ये व्हीएसकोड डॉट डेव्ह (vscode.dev) उघडा, ब्राउझरमध्येच चालणारा व्हीएस कोड. संगणकावरचं फोल्डर तिथूनच उघडता येतं आणि फाइली त्यातच सेव्ह होतात. टर्मिनल नाही, त्यामुळे नोडचं काम होणार नाही; एचटीएमएल आणि सीएसएस शिकायला मात्र काही अडत नाही. तीच फाइल शेजारच्या टॅबमध्ये उघडायची, बदल केला की सेव्ह करून रिफ्रेश. आणि उठताना फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, तिथले संगणक कधी फॉरमॅट होतील याचा नेम नसतो.