नव्या सुईनंतरचा प्रश्न

मणिपूरमध्ये सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये 1990 च्या सुमारास एचआयव्हीची लागण उघड झाली आणि काही महिन्यांतच त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे जण बाधित असल्याचे दिसून आले. पुढे हा संसर्ग घरात शिरला. चुराचांदपूर येथील बाधित पुरुषांच्या, स्वतः सुईला कधीही हात न लावलेल्या पत्नींची तपासणी झाली, तेव्हा सुमारे 45 टक्के स्त्रियांना लागण झालेली आढळली. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला.

संसर्ग टाळण्यासाठी नशा करणाऱ्यांना नवी सुई मोफत दिली जाते. तिच्याबरोबर कंडोमही वाटले जातात आणि त्यांचा उपयोग काय, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. तरीही पाकीट खिशातच राहते. नवी सुई वापरण्याचा निर्णय माणूस एकट्याने घेऊ शकतो. कंडोमचा विषय काढायचा तर समोर दुसरे माणूस असते. इतकी वर्षे लागला नाही, मग आजच कशाला, असे पत्नीने विचारले तर काय सांगायचे, या धास्तीने तो गप्प राहतो, कारण त्याच्या लेखी कंडोम काढणे म्हणजे लपवलेले सारे कबूल करणे असते. पत्नीने आग्रह धरला तर संशय तिच्यावरच येतो. आमच्या मते अडचणीचे खरे मूळ या अबोल्यात आहे.

त्यात मुंबईत ज्याला 'टर्की' म्हणतात, ती नशा उतरतानाची तडफड सुरू झाली की उद्याचा विचार मनात टिकतच नाही. अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेली माणसे दूरच्या लाभापेक्षा हाताशी असलेल्या लाभाकडे अधिक ओढली जातात, हे 1997 साली अमेरिकेतील संशोधनातही दिसले होते. शिवाय 'गर्दुल्ला' म्हणून सर्वांनी झिडकारलेल्या माणसाला स्वतःचा जीवच जपण्याजोगा वाटेनासा होतो.

हेरॉइनऐवजी औषध देणाऱ्या पर्यायी औषधोपचाराच्या केंद्रात बुप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइनची तलफ शमवणाऱ्या औषधाची, गोळी कुटून जिभेखाली ठेवायला देतात. ती विरघळेपर्यंत काही मिनिटे तोंड मिटून बसावे लागते. हेरॉइनने मंदावलेली कामेच्छा उपचारांनी शरीर सावरू लागले की परतते, म्हणून कंडोमविषयी बोलण्याची गरज नेमकी याच काळात वाढते. गोळी विरघळते, उपचार घेणारा पाणी पितो, आणि समुपदेशक खुर्ची जवळ ओढून आधी आजाराबद्दल नव्हे, तर घरी कोण कोण असते, ते विचारतो.