पेठेतला दिवा आणि बीटचा शिपाई

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे पुण्याच्या पेठांबद्दल. कसबा, शनिवार, बुधवार, रविवार, नाना, भवानी. जुने वाडे उतरताहेत, त्या जागी इमारती चढताहेत. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली, ती कसबा आणि मंडईच्या पोटातून जाते. गावाचा मध्य उसवून पुन्हा शिवला जातो आहे. अशा वेळी रात्रीची गस्त, बोळातला दिवा आणि पोलिसांबरोबर बसणारी नागरिकांची समिती, यांच्यासाठी महापालिकेने पैसे खर्च करावेत का? आणि करावेत तर कशावर?

माझं म्हणणं आधीच सांगतो. करावेत. पण बांधकामावर कमी, चालू खर्चावर जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, आज ते दोन-तीनदा येणार आहे. बांधकामावर कमी, चालू खर्चावर जास्त.

पैशाची वाट कशी आहे ते थोडक्यात बघू. पोलीस हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय. शिपायाचा पगार गृह खात्याकडून येतो. महापालिका शिपाई नेमत नाही आणि त्याला पगारही देत नाही. मात्र ज्या १९४९च्या कायद्यावर आपली महापालिका चालते, त्यातल्या कलम ६३ मध्ये रस्त्यावरचे दिवे हे बंधनकारक काम आहे, आणि कलम ६६ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेला हातभार लावणाऱ्या खर्चाला वाव आहे. म्हणजे दिवा, चौकीची गळकी खोली, महिला पोलिसांसाठी स्वच्छतागृह, कॅमेऱ्याची देखभाल, बैठकीसाठी शाळेची खोली, हे सगळं महापालिकेला करता येतं. रोख रक्कम पोलीस ठाण्याच्या हातात देण्याची गरज नाही. ठाण्याने पत्र द्यायचं आणि महापालिकेच्या विद्युत किंवा भवनरचना खात्याने काम करायचं.

आता वाडा उतरतो तेव्हा नेमकं काय होतं ते पाहा. पेठेतल्या बोळात खांब रोवायला जागा नसते. दिवा असतो वाड्याच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर. भिंत गेली की दिवाही गेला. विद्युत खात्याला वाडा पाडल्याची वर्दी कोणी देत नाही. खोदाईत केबल तुटली तर पुढचे चार दिवेही त्याबरोबर विझतात. जागेभोवती पत्रे लागतात, ते दोन-दोन, तीन-तीन वर्षं हलत नाहीत. आणि ज्या कुटुंबांची खिडकी बोळावर उघडत होती, ती धायरीला, कात्रजला भाड्याने राहायला जातात. दिवा गेला आणि बघणारे डोळेही गेले.

पत्र्यांवरून सांगतो, हे माझं जुनं मत आहे. कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या जागी जाळी लावायची सक्ती असायला हवी. वळणावर पलीकडून कोण येतंय ते दिसलं पाहिजे. बांधकाम परवानगीत एक ओळ घातली की झालं. आणि ज्याने वाडा पाडला त्यानेच पत्र्याबाहेर तात्पुरता दिवा लावावा, त्याचं वीजबिलही त्यानेच भरावं. असो.

श्रोतेहो, मी तुम्हाला भिवंडीला घेऊन जाणार आहे. पुण्याच्या पेठांवर बोलायचं तर भिवंडी कशाला, असं वाटेल. पण पैसा कशावर लावायचा हे भिवंडीने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही.

ठाणे जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं गाव. दिवसरात्र माग चालतात. उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मूळचे कोकणी मुसलमान, आगरी, सगळे दाटीवाटीने एकत्र. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये पुन्हा पेटली. भिवंडी म्हटलं की दंगल, अशी गावाची ओळखच होऊन बसली.

१९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. तोपर्यंत काय असायचं, तर शांतता समिती. सणाच्या आधी पुढाऱ्यांना बोलवायचं, भाषणं व्हायची, हार-तुरे, आणि पुढच्या सणापर्यंत सगळं विसरायचं. खोपड्यांनी ही रीत बाजूला ठेवली. त्यांनी गावाचे मोहल्ल्यांप्रमाणे भाग केले आणि भागाभागात समिती उभी केली. पुढारी नकोत. त्या गल्लीत राहणारी, तिथेच कामधंदा करणारी साधी माणसं हवीत. हिंदू आणि मुसलमान सदस्य सारख्या संख्येने. आणि समितीचा कणा कोण? साहेब नाही. त्या भागाचा शिपाई.

इथे जरा थांबू या. शिपाई का? कारण साहेब बदलतो. आजही आपल्या पोलीस कायद्यात ठाण्यातल्या निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ आहे दोन वर्षं, आणि शिपायाचा पाच वर्षं. दोन आणि पाच. समिती साहेबाच्या खुर्चीला बांधली तर दोन वर्षांत सुटते. शिपायाला बांधली तर पाच वर्षं तरी टिकते.

मग समितीत काय चालायचं? दंगलीवर चर्चा? नाही. किरकोळ तंटे. कुणाचं कुणाशी भांडण झालं, ते दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर तिथेच मिटवायचं. छोटं भांडण छोटं असतानाच संपलं, तर त्याला धर्माचा रंग चढायला वेळ मिळत नाही. पण याहून मोठा फायदा वेगळाच होता. या गल्लीतल्या माणसाला त्या गल्लीतल्या माणसाचा चेहरा ठाऊक झाला, आणि दोघांनाही शिपायाचं नाव ठाऊक झालं. अफवा पसरते ती अनोळखी माणसांमधून. ओळख असली की माणूस आधी विचारतो, खरं आहे का रे?

आणि परीक्षा आली. ६ डिसेंबर १९९२. अयोध्येत मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि मग जानेवारीत मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतल्या मृतांचा आकडा नोंदवला तो ९००. आणि मुंबईच्या कुशीत बसलेली भिवंडी, १९७०ची भिवंडी, १९८४ची भिवंडी, त्या वेळी शांत राहिली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समितीची माणसं आणि पोलीस एकत्र रस्त्यावर उभे होते. विशेष म्हणजे तोपर्यंत खोपड्यांची बदली झालेली होती. साहेब गेले होते, पण नंतर आलेल्यांनी काम चालू ठेवलं आणि समित्या जागेवर राहिल्या. यानंतरच मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी कष्ट घेतले.

गोष्ट इथे संपवली असती तर ऐकायला गोड वाटली असती. पण पुढचा भाग ऐकाच, कारण पैशाचा मुद्दा तिथे आहे.

५ जुलै २००६. त्याच भिवंडीत क्वार्टर गेट भागात कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर नवं पोलीस ठाणं बांधायला घेतलं. जागेवर वाद होता. जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं मेली. त्याच रात्री दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारलं. ज्या गावात शिपाई हा मोहल्ल्याचा आपला माणूस झाला होता, त्या गावात दोन शिपाई मारले गेले. आणि निमित्त काय, तर पोलीस ठाण्याची इमारत.

समितीला दरमहा लागणारा चहा, नोंदवही आणि दोन तासांचा वेळ, यांच्यासाठी कुठल्याच अंदाजपत्रकात शीर्षक नसतं. इमारतीसाठी असतं. इमारत फोटोत दिसते, तिला कोनशिला असते. समिती मात्र थांबली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पुन्हा तेच. बांधकामावर कमी, चालू खर्चावर जास्त.

आता पेठांमध्ये परत येऊ. समितीचा खर्च किती? महिन्याला एक बैठक, चाळीस माणसं, चहा पंधरा रुपये. एका बैठकीला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे रुपये. जागा महापालिकेच्या शाळेत, संध्याकाळी, फुकट. त्यात नोंदवही, झेरॉक्स आणि खुर्च्यांची ने-आण धरली तरी एका बीटला, म्हणजे एका शिपायाकडे सोपवलेल्या गस्तीच्या भागाला, पंधरा हजारांत वर्ष निघतं. पंधरा हजार! एका स्टीलच्या बाकावर नाव रंगवून घेण्यापेक्षा हे किती मोलाचं आहे. आणि बाकांवर, फलकांवर, कापडी पिशव्यांवर नावं घालणं थांबवा, असं मी प्रत्येक नगरसेवकाला हात जोडून सांगेन. पैसा पुणेकरांचा आहे.

समितीत कोणाला घ्यायचं, इथे भिवंडीची नक्कल चालणार नाही. पेठेत राहणारे बरेच लोक भाड्याने बाहेर गेलेले. त्यांना संध्याकाळी सातला कात्रजहून बैठकीला बोलवून काय होणार? घ्यायचं त्यांना, जे रात्री आणि पहाटे त्या रस्त्यावर असतात. मंडईतले भाजीवाले, पहाटेचा दूधवाला, उशिरापर्यंत उघडा असणारा औषध दुकानदार, रिक्षा थांब्यावरचे दोघे, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, बुधवार पेठेतल्या वस्तीतल्या बायका, आणि हे विसरू नका, बांधकामावरचा रखवालदार. तो बहुधा परप्रांतातला, एकटा, पत्र्यामागे झोपलेला. त्याच्याकडे बीटच्या शिपायाचा नंबर असायला हवा. समितीत पंचवीस-तीस माणसं पुरेत, त्यांतल्या निम्म्या बायका असाव्यात. चाळीसांचा चहा धरला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसह.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. कॅमेरे हवेतच. जर्मन बेकरी आणि जंगली महाराज रस्त्यावरचे बॉम्बस्फोट पाहिलेल्या शहराला ते सांगायला नको. पण नगरसेवकाच्या 'स' यादीतून, म्हणजे त्याने सुचवलेल्या कामांसाठीच्या निधीतून, लावलेल्या कॅमेऱ्याचं काय होतं? बसवायचे पैसे मंजूर होतात, देखभालीचे नसतात. चित्रण साठवणारा डबा एखाद्या मंडळाच्या खोलीत कुलुपात असतो आणि किल्लीवाला गावाला गेलेला असतो. हार्डडिस्क भरली की पंधरा-वीस दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं. वीजबिल कोणाच्या नावावर, यावरून वर्षभर पत्रं फिरतात. तेव्हा कॅमेरा मागताना अर्जातच तीन गोष्टी लिहा. मीटर कोणाच्या नावावर, पाच वर्षांची देखभाल कोण करणार, आणि चित्रण पोलीस ठाण्यात दिसणार की नाही. हे तीन नसतील तर कॅमेरा मागूच नका, त्या पैशात दिवे मागा.

पैसे मागायचे कसे? महापालिकेचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव आधीच्या पावसाळ्यापासून चालते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची सोय आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, आणि एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा ठेवलेली असते. पेठांतल्या बऱ्याच जणांना कसबा-विश्रामबागवाडा किंवा भवानी पेठ, यांपैकी एका कार्यालयात जावं लागेल. अर्जात 'परिसर सुरक्षित करावा' असं लिहू नका, ते काम कोणत्याच खात्याचं नाही म्हणून बाजूला पडतं. 'अमुक बोळात, अमुक घर क्रमांकाच्या भिंतीवरचा दिवा पाडकामात गेला, समोरच्या भिंतीवर ब्रॅकेट लावून द्या', असं लिहा. शेजारच्या खांबावर रंगवलेला क्रमांक द्या. पोलीस ठाण्याचं पत्र जोडा. फरासखाना, विश्रामबाग, खडक, समर्थ, जे तुमचं ठाणं असेल त्याचं.

आणि मंजूर झालं म्हणजे झालं, असं समजू नका. वर्षाच्या मधे 'वर्गीकरण' होतं. एका शीर्षकाचे पैसे दुसरीकडे वळतात, आणि लहान रक्कम आधी वळते, कारण तिच्यासाठी भांडणारं कोणी नसतं. दिवाळी झाली की क्षेत्रीय कार्यालयात जा आणि विचारा, निविदा निघाली का? जानेवारीत पुन्हा विचारा. मार्चअखेर न खर्चलेली रक्कम संपली, पुढच्या वर्षी नवा अर्ज.

एक शेवटचं सांगतो, ते चौकीचं. पेरूगेट असो की मंडई, चौकीच्या दारात एक बाक आणि पाण्याचा माठ असावा. बाकावर बसणारा म्हातारा जे सांगतो ते कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि दारावर खडूने का होईना, आजच्या बीट अंमलदाराचं नाव लिहिलेलं असावं. तातडीला ११२ आहेच. पण रोजच्या गोष्टीसाठी ते नाव लागतं. आज घरी जाताना तुमच्या चौकीवरून जा, ते नाव विचारा आणि बोळात विझलेल्या दिव्याशेजारचा खांब क्रमांक लिहून घ्या.

नमस्कार.