कडू बेणं मुद्दाम लावणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. त्याचे वाण चवीने दोन तऱ्हेचे, गोड आणि कडू. गोड कंद सोलला, उकडला की ताटात. कडव्यात लिनामरीन नावाचं द्रव्य भरपूर. कंद चिरला की त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून तो किसायचा, भिजवायचा, आंबवायचा, वाळवायचा. तीन-चार दिवस सहज जातात. आणि हे कडू बेणं काही चुकून रानात येत नाही. लोक ते मागून आणतात, जपतात, हौसेने लावतात.

का? आफ्रिकेतल्या मलावी देशात सरोवराकाठच्या शेतकरी बायकांना संशोधकांनी हेच विचारलं, तर उत्तरात चोर निघाला! गोड कंद रात्रीतून कुणीही उपटून नेईल आणि सकाळी उकडून खाईल. कडू कंद चोरणाऱ्याला मात्र पुढचे चार दिवस खपावं लागतं. एवढा उद्योग करायची तयारी असती, तर तो चोरी कशाला करता? रानडुकरं आणि माकडंही गोडाकडेच आधी वळतात. शिवाय हे शिजवणं-वाळवणं बायकांच्या हातात, त्यामुळे कोठाराची किल्लीही त्यांच्याच कमरेला.

या कडवटपणाचं मोलही मोजावं लागतं. 1981 साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला. पोटाच्या घाईत लोकांनी कंद पुरेसा न वाळवता खाल्ला आणि हजारावर माणसांचे, मुख्यतः बायका-मुलांचे, पाय कायमचे लुळे पडले. या आजाराला कोन्झो म्हणतात. वाण तोच होता. त्याला द्यायचे दिवस तेवढे हातात उरले नव्हते.

म्हणूनच बहुतेक ठिकाणी घराजवळ चार ओळी गोडाच्या, लांबच्या रानात कडू. त्यातही हळवे आणि गरवे. हळवा सहा-आठ महिन्यांत हाताशी येतो, गरवा दीड-दोन वर्षं जमिनीत मुकाट पडून राहतो. हे फार कामाचं, कारण काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळा-काळा पडतो. जमीन हीच कणगी. कित्येक जणी तर झाड न उपटता बाजूची माती उकरतात, एकच जाडसा कंद मोडून घेतात आणि माती परत लोटतात. प्रयोगकेंद्रात बारा महिन्यांनी सगळा प्लॉट एकदम उपटून तोलतात आणि 'अमुक वाण सरस' असं जाहीर करतात. ज्या घरात रोज संध्याकाळच्यापुरता कंद निघतो, तिथे त्या वजनाचं करायचं काय?

झाडाच्या ठेवणीचंही तसंच. फांद्या पसरणारा वाण तण दाबतो, खुरपणी वाचवतो. पण मक्याचं आंतरपीक घ्यायचं तर सरळसोट वाढणाराच बरा.

एकाच वाणावर भिस्त ठेवली तर काय होतं, ते युगांडाने पाहिलं. एबवानातेराका हा तिथला लोकांचा लाडका वाण. 1980च्या दशकाच्या अखेरीस मोझॅक रोगाची जबर साथ आली. पांढरी माशी तो पसरवते आणि लावणीच्या काडीतूनही तो पुढच्या हंगामात जातो. पानं आकसली, पिवळी पडली, रानंच्या रानं बसली. मग प्रतिकारक वाण आले, आणि ते हवेच होते. इथे मी जुन्याची आरती ओवाळणार नाही. पण 2004 नंतर त्याच नव्या वाणांवर तपकिरी पट्ट्यांचा रोग वाढला. तो फसवा. वर झाड बऱ्यापैकी हिरवं, आणि कंद कापला तर आत तपकिरी कूज.

कसावा लावतात वीत-सव्वा वीत लांब काडीने, उसाच्या बेण्यासारखा. म्हणजे झाड आईची हुबेहूब नक्कल. मग नवे वाण येतात कुठून? दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या मकुशी आदिवासींच्या रानात त्याचं एक उत्तर दिसतं. जुन्या झाडांचं बी मातीत पडून असतं. रान जाळून नव्याने लावलं की त्यातून आपसूक रोपं उगवतात. खुरपताना बाई तण काढते, पण त्या रोपाला वळसा घालते. काढणीला त्याचे कंद बघायचे. ओळखीच्या वाणासारखे निघाले तर त्याच्या काड्या त्याच वाणात, त्याच नावाने मिसळून जातात. वेगळेच निघाले, तर आधी दोन-चार काड्या कडेला लावून पाहायच्या.