हाड जुळलं, आता गुडघ्याचं काय

(दृश्य: जुन्या घराचा ओटला, पहाट, रांगोळीचा डबा)

हा आमच्या घराचा ओटला, दांडिया बाजार, वडोदरा. इथे रोज सकाळी रांगोळी पडते आणि वर्षानुवर्षं ती आईच काढायची, उजवा गुडघा फरशीला टेकलेला, डावा पाय पुढे, आणि चिमटीतून रेघ अशी सुटायची की मध्ये कुठे तुटत नाही. आता मी काढते आणि आई दारात खुर्चीवर बसून ठिपके मोजून देते. तिला रांगोळी येत नाही असं नाही, तिला गुडघा टेकता येत नाही.

दीड वर्ष झालं. पावसाचे दिवस, रावपुऱ्यातून घरी येताना गाय आडवी आली, आईने करकचून ब्रेक दाबला आणि अॅक्टिव्हा तिच्या उजव्या पायावर. नडगीचं हाड मधोमध मोडलं, शेजारचं बारीक हाडही. शेजारच्या काकांनी आधी आखाड्याचं नाव काढलं. इथे प्रोफेसर माणिकराव म्हटलं की जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवतं, व्यायामाबरोबर हाडं बसवण्यातही त्यांचं मोठं नाव होतं, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच येतं. पण पाय बघूनच कळत होतं की हे लेप-पट्टीचं काम नाही, सरळ हॉस्पिटल गाठलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रॉड टाकला. समोरच्या बेन आजही विचारतात, सळियो काढला की नाही.

(दृश्य: एक्स-रे उजेडात धरलेला)

हा त्याचा एक्स-रे. हाडाच्या पोकळीतून गुडघ्याखालपासून घोट्याच्या वरपर्यंत गेलेली पांढरी सळई दिसतेय ना, तो रॉड, आणि वर-खाली आडवे गेलेत ते स्क्रू, त्यांच्यामुळे हाड गोल फिरत नाही की आखूड होत नाही. हाडाच्या पोकळीत असा खिळा घालायची पद्धत जर्मनीतल्या गेरहार्ड क्युंटशर नावाच्या सर्जनने १९३९-४० च्या सुमारास आणली, आधी मांडीच्या हाडासाठी. त्यापूर्वी असा पाय मोडला की मांडीपर्यंत प्लास्टर आणि महिनोन्महिने पलंग. आई थोड्याच दिवसांत वॉकरवर उभी राहिली ती या रॉडमुळे, हे मी कधीच विसरणार नाही, या व्हिडिओत पुढे जे सांगतेय ते कुणी रॉडच्या विरोधात म्हणून घेऊ नका प्लीज.

पाचव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. आम्ही पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात आई देवासमोर गुडघ्यावर आली आणि कळ अशी आली की हातातली निरांजन पडली.

मोडलं होतं नडगीत, मधोमध, गुडघ्यापासून वीतभर खाली, मग गुडघा का दुखतो? आईने हा प्रश्न मला विचारला, मी डॉक्टरांना विचारला, ते म्हणाले होतं असं काही जणांना, आणि पुढचा पेशंट आत आला. मला राग दुखण्याचा नाही, दुखतंच, राग याचा की ऑपरेशनच्या आधी, सही घेताना, हे एक वाक्यही कुणी सांगितलं नाही. म्हणून आई सहा महिने समजत होती की आपणच काहीतरी चुकीचं केलं, लवकर चाललो, व्यायाम कमी केला, जिना चढायला नको होता.

तर नीट ऐका. रॉड नडगीच्या हाडात शिरतो तो वरून, गुडघ्याच्या अगदी खालून. नेहमीच्या पद्धतीत गुडघा पूर्ण वाकवून वाटीखाली चीर घेतात, वाटीपासून नडगीला जाणारा एक जाड पट्टा असतो, त्याच्यामधून किंवा त्याला बाजूला सारून हाडाला भोक पाडतात आणि तिथून खिळा आत. त्या पट्ट्यामागे चरबीची एक गादी असते, नसांनी भरलेली, त्यामुळे तिला काही झालं की चांगलंच दुखतं. शिवाय तिथून त्वचेची एक बारीक नस आडवी जाते, ती चिरेत सापडली की व्रणाच्या बाजूला बधिर वाटतं नाहीतर मुंग्या येतात. आईला व्रणाच्या बाहेरच्या बाजूला आजही बोट लावलेलं कळत नाही. कुणाच्या खिळ्याचं टोक हाडाबाहेर जरा वर राहिलेलं असतं, ते टोचतं. मांडीचे स्नायू वाळलेले असतात. एकच कारण असतं असं नाही, बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी मिळून येतात, आणि कितीही तपासलं तरी एका बोटाने दाखवता येत नाही.

आणि हे विरळा नाही! २००६ साली सगळे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नडगीत रॉड घातलेल्यांपैकी सरासरी ४७ टक्के लोकांचा गुडघा पुढच्या बाजूने दुखत होता, म्हणजे जवळजवळ निम्म्यांचा, अर्थात वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा १० पासून ८६ पर्यंत फिरतो. मग वाटेल की पट्टा चिरण्यापेक्षा बाजूने जा ना. फिनलंडमध्ये नेमकं तेच करून बघितलं, २००२ मध्ये छापलंय, २१ जणांना पट्ट्यातून आणि २१ जणांना बाजूने, आणि दुखणारे निघाले १४ आणि १५. काही फरक नाही. आता वाटीच्या वरून, गुडघा जवळपास सरळ ठेवून खिळा घालायची पद्धतही आहे, काही अभ्यासांत त्यात दुखणं कमी दिसलं, काहींत नाही, पण निदान ऑपरेशनआधी विचारायला हरकत नाही की तुम्ही कुठून घालणार.

१९९७ च्या एका अभ्यासात ज्यांचा गुडघा दुखत होता त्यांतल्या ९२ टक्क्यांना गुडघे टेकल्यावर जास्त त्रास व्हायचा. हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. कारण खुर्ची-टेबलावर जगणाऱ्या माणसाला गुडघे टेकायची वेळ दिवसात किती येणार, आणि आमच्याकडे? देवपूजा जमिनीवर, गौरीची आरास जमिनीवर, पंगत पाटावर, फराळाच्या चकल्या वर्तमानपत्र पसरून खाली, फरशी पुसायची ती गुडघ्यावर, कणीक मळायची परातही खालीच. नवरात्रात सगळं बडोदा गरब्यात गोल फिरत असतं आणि आई मैदानाच्या कडेला चपला सांभाळत बसली होती. तपासणीत तिचा पाय सरळ, हाड मजबूत, चालणं व्यवस्थित, फाईलवर पेशंट बरी. मग ती दिवसभर उभी का असते, हे कुणी फाईलमध्ये लिहीत नाही.

(दृश्य: आई स्वयंपाकघरात उभ्याने कणीक मळताना)

रॉड काढून टाकू का, हा पुढचा प्रश्न. हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षानंतर काढता येतो. पण १९९७ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात ४९ जणांचे खिळे काढले होते, त्यातले २२ पूर्ण बरे झाले, १७ जणांना थोडा आराम पडला आणि १० जणांना काहीच फरक पडला नाही. शिवाय पुन्हा भूल, पुन्हा तीच चीर, आणि रिकाम्या हाडाला काही आठवडे जपायचं. आईने हे आकडे दोनदा वाचून घेतले, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आणि म्हणाली, आत्ता नको, आधी फिजिओ पूर्ण करू.

तिची फिजिओथेरपिस्ट मुलगी मला फार आवडते, तिने पहिल्याच दिवशी आईला विचारलं, काकू, तुम्हाला घरात नक्की काय करता येत नाहीये. आई म्हणाली, रांगोळी. मग मांडीचे व्यायाम चालू झाले, पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, व्रणावर तेल लावून मालिश, आणि मग हळूहळू टेकणं. आधी पलंगाच्या गादीवर, मग जमिनीवर दोन उशा, मग एक, सहन होईल तितकंच, आणि दुखणं रात्रभर टिकलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

आईकडे घड्याळ नसतं, ती अथर्वशीर्षाने मोजते. पहिल्या आठवड्यात "अव त्वं माम्" ला उठायची. गेल्या महिन्यात "त्वं मूलाधारस्थितोऽसि" पर्यंत गेली.

(दृश्य: पलंग, आई गुडघ्यांवर, हात गादीवर)

आज सकाळी मी दारात उभी राहून ऐकत होते. "एकदंतं चतुर्हस्तं" म्हणून झालं, आवाज जरा कापला, आणि तरी ती उठली नाही.