शुक्रवारचा पगार आणि सरकारी हमी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत तात्पुरते कामगार पुरवणारी एजन्सी चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त धाक कशाचा असेल, तर पगाराच्या शुक्रवारचा. माणसं राबतात दुसऱ्याच्या गोदामात, दुसऱ्याच्या कारखान्यात. पण पगारपत्रकावर ती याचीच. त्यांना दर आठवड्याला पैसे द्यायचे. ज्या कंपनीने काम करून घेतलं, ती मात्र बिलाचे पैसे देणार ३० दिवसांनी, ४५ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा.

हिशेब करून बघा. २० माणसं, ताशी २० डॉलर, आठवड्याचे ४० तास. झाले १६,००० डॉलर. वर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांसाठी मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के कर, शिवाय कामगारांचा अपघात विमा. पहिलं बिल वसूल व्हायला सहा आठवडे लागले, तर नुसत्या पगारातच ९६,००० डॉलर अडकले. आणि अशात ग्राहकाने सांगितलं, आणखी २० माणसं पाठवा, तर? धंदा तोट्यात नाही, उलट वाढतोय, आणि म्हणूनच गल्ला रिकामा!

इथे स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचं, एसबीएचं नाव निघतं. लहान उद्योगांना मदत करणारी ही अमेरिकी सरकारची संस्था, १९५३ सालची. ‘सेव्हन-ए’ या तिच्या मुख्य योजनेत कर्ज देते बँक, एसबीए फक्त हमी देते. कर्जाची कमाल मर्यादा ५० लाख डॉलर. हमी साधारणपणे दीड लाखापर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यावरच्या कर्जाला ७५. पण ही हमी बँकेला असते हो, तुम्हाला नव्हे. कर्ज बुडालं तर सरकार बँकेचं नुकसान भरून देतं, तुमची देणेदारी काही सुटत नाही. धंद्यात २० टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या प्रत्येक मालकाला स्वतः जामीन राहावं लागतं.

माझं मत विचाराल, तर दहा वर्षांच्या हप्त्यांचं कर्ज काढून आठवड्याचा पगार भागवू नये. पैसे चार शुक्रवारांत संपतात, हप्ता मागे उरतो. दुसरी एजन्सी विकत घ्यायची असेल तर ते ठीक. पगारासाठी हवी फिरती उचल: बिल केलं की पैसे काढा, बिल वसूल झालं की भरा. एसबीएच्या ‘कॅपलाइन्स’ याच धर्तीच्या. २०२४ मध्ये खेळत्या भांडवलासाठी आणखी एक प्रायोगिक योजनाही सुरू झाली.

बरेचजण मात्र आधी फॅक्टरिंगवाल्याकडे जातात. तो तुमची बिलं घेतो, आपला वाटा कापून लगेच रोकड देतो. महाग, पण झटपट. अडचण पुढे येते. त्याने तुमच्या येण्यांवर, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमांवर, पहिला बोजा नोंदवलेला असतो आणि बँकही तोच मागते. एजन्सीकडे ना यंत्रं, ना जमीन. येणी हीच काय ती मालमत्ता. तेव्हा फॅक्टरिंगच्या करारातून बाहेर पडायला काय मोजावं लागेल, ते बँकेची पायरी चढण्याआधी वाचून ठेवा.

आणि कामगारांच्या पगारातून कापलेला कर. ओढाताण झाली की पहिला हात तिकडे जातो. पण ती रक्कम मुळात तुमची नाहीच. थकली, तर कर खातं ती जबाबदार मालकाच्या खिशातून वसूल करू शकतं, आणि एसबीएच्या कर्जातून ती थकबाकी फेडायला नियमाने मनाई आहे.

बँकेत जाताना येण्यांची यादी सोबत असू द्या: कोणाकडे किती, किती दिवसांचं. त्यातली निम्मी रक्कम एकाच ग्राहकाकडे दिसली, तर बँकवाल्याचं बोट तिथेच थांबेल. त्याचं उत्तर घरूनच तयार करून जा.

नमस्कार.